काटा कुणाचा?

आमच्या तालुक्याचं नाव केळापूर. पण केळापूरचं तहसील कार्यालय केळापुरात नाही, पांढरकवड्यात आहे. कागदावर केळापूर लिहायचं आणि एसटीतून पांढरकवड्याला उतरायचं, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पत्ता एक आणि मुक्काम दुसरा, ही आमच्याकडची जुनीच रीत. त्यामुळे दिवाळीला पुण्याहून आलेल्या भाच्यानं पिशवीतून एक छोटा राऊटर काढला आणि "मामा, टीव्ही इथंच राहील, पण इंटरनेटला वाटेल तो लंडनमध्ये आहे," असं सांगितलं, तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. आईला मात्र वाटलं. "काहून रे बाप्पा, असते इथं अन् दाखवते तिथं? माही मालिका लागन का त्याच्यावर?" असं तिनं विचारलं. त्या संध्याकाळी घरात विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न तोच होता, हे मला दोन दिवसांनी कळलं.

भाच्याचे दावे चार होते. व्हीपीएन राऊटरनं घर सुरक्षित होतं. जगभरचे सिनेमे आणि मालिका खुल्या होतात. वेग वाढतो. आणि एकदा बसवला की सगळ्या घरासाठी झाला, पुन्हा बघायला नको. हे त्याचे एकट्याचे दावे नाहीत. यूट्यूबवर दर दुसऱ्या व्हिडिओच्या मध्ये कुणीतरी हेच हसतमुखानं सांगत असतं. भाच्यावर माझा राग नाही. पण पूर्वपक्ष नीट मांडून मग त्याचं खंडन करावं ही आपली पद्धत आहे, तेव्हा आधी त्याची बाजू मांडतो.

व्हीपीएन म्हणजे तुमच्या घरापासून दूरच्या एखाद्या सर्व्हरपर्यंत काढलेला बंद बोगदा. आतून जाणारी माहिती कुलूपबंद असते, आणि पलीकडच्या जगाला तुमच्याऐवजी त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. मोबाईलवर किंवा फायर टीव्ही स्टिकवर व्हीपीएनचं ॲप टाकता येतं. ॲपल टीव्हीवरही २०२३ पासून ती सोय झाली. पण सॅमसंग किंवा एलजीच्या टीव्हीत आणि रोकूच्या डबीत असं ॲप बसत नाही. म्हणून बोगद्याचं तोंड टीव्हीऐवजी राऊटरमध्येच उघडायचं, म्हणजे त्याच्यामागे जे जे जोडलं ते आपोआप बोगद्यातून जाईल. कल्पना साधी आहे आणि चोख आहे. तिच्यात खोट नाही. खोट आहे ती तिच्या अंगावर चढवलेल्या गुणांत.

पहिला दावा सुरक्षिततेचा. इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर तेलंगणाची हद्द लागते. नागपूर-हैदराबाद महामार्गावर, ज्याला आम्ही अजून जुना सात नंबर म्हणतो आणि सरकार ४४ म्हणतं, पिंपळखुटीला तपासणी नाका आहे. नाक्यावरच्या माणसाला ट्रकचा नंबर दिसतो, वजन कळतं, ट्रक कुठून कुठं चालला ते कळतं. ताडपत्रीखाली काय आहे ते मात्र दिसत नाही. आज बहुतेक सगळ्या संकेतस्थळांचा व्यवहार असाच ताडपत्री बांधून चालतो. पत्त्याच्या पट्टीवर जे कुलूप दिसतं ती ही ताडपत्री. बँकेचा पासवर्ड, टीव्हीवरचा सिनेमा, हे इंटरनेट पुरवणाऱ्याला वाचता येत नाही. तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात, एवढं त्याला साधारण कळतं. व्हीपीएन एवढंच करतो की तुमचा ट्रक उचलून दुसऱ्या मोठ्या बंद ट्रकमध्ये ठेवतो. पिंपळखुटीच्या नाक्याला आता आतला ट्रक दिसत नाही, हे खरं. पण तो मोठा ट्रक कुठंतरी उघडतोच. तो ज्याच्या गोदामात उघडतो, त्या माणसाला तुमचा नंबर आणि ठिकाण दोन्ही दिसतं.

कापसाच्या हंगामात आमच्या गावांत खेडा खरेदी चालते. बाजार समितीच्या काट्यावर, नंबर लागण्यावर, भावाच्या कपातीवर वैतागलेला शेतकरी अंगणातच व्यापाऱ्याला माल घालतो. त्रास वाचतो. पण व्यापारी येतो तो स्वतःचा काटा घेऊन. आता वजनावर शंका आली तर विचारायचं कुणाला? व्हीपीएन विकत घेणारा नेमकं हेच करत असतो. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीवर त्याचा भरवसा नसतो, म्हणून तो सगळा भरवसा उचलून एका दूरच्या, कधी न पाहिलेल्या कंपनीच्या पदरात टाकतो. त्यानं काट्याची कटकट संपत नाही. काट्याचा मालक तेवढा बदलतो.

आणि हा नवा मालक प्रत्येक वेळी सज्जन निघालेला नाही. फेसबुकनं २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी घेतली. तिचं व्हीपीएन ॲप माहितीचं रक्षण करतं म्हणून लोकांना दिलं, आणि लोक इतर कोणती ॲप किती वापरतात याचा हिशेब त्यातून स्वतःच्या धंद्यासाठी उचलला. २०१८ मध्ये ते ॲपलच्या दुकानातून गेलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानं फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. पुढच्याच वर्षी, मे २०२४ मध्ये, अमेरिकेच्या न्याय खात्यानं '९११ एस५' नावाचं जाळं मोडून काढलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशी फुकट ॲप लोकांनी हौसेनं बसवली होती, आणि त्यांच्या संगणकांचे पत्ते भाड्यानं देऊन गुन्हे चालले होते. त्या जाळ्यात १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते होते. फुकट बोगद्यातून जाणाऱ्याला आपल्याच घरातून दुसरं कोण ये-जा करतंय याची खबर नव्हती.

याहून मोठी गोष्ट अशी की टीव्हीच्या बाबतीत चोर बहुतेक वेळा रस्त्यावर नसतोच, तो भिंतीवर टांगलेला असतो. विझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीनं १ कोटी १० लाख टीव्हींमधून, बघणाऱ्याला नीट न विचारता, पडद्यावर काय चाललंय याची नोंद उचलली, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत २२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. असा टीव्ही व्हीपीएन राऊटरच्या मागे ठेवला तर काय होईल? तो तीच माहिती तुमच्या बोगद्यातून, व्यवस्थित कुलूप लावून, कंपनीला पोचवेल. त्याला आळा घालायचा तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'बघण्याची माहिती पाठवा' अशा अर्थाचं जे बटण असतं ते बंद करावं लागतं. त्याला एक रुपया लागत नाही. म्हणून त्याची जाहिरातही कुणी करत नाही.

दुसरा दावा जगभरच्या सिनेमांचा. नेटफ्लिक्सनं ६ जानेवारी २०१६ रोजी भारतासह १३० देशांत एकदम दुकान उघडलं, आणि पुढच्या दहा दिवसांच्या आतच जाहीर केलं की पत्ता बदलून दुसऱ्या देशाचा माल बघणाऱ्यांना रोखणार. यामागचं कारण हक्कांच्या बाजारात आहे. सिनेमा एकदा बनतो, पण त्याचे हक्क देशागणिक वेगवेगळे विकले जातात. विकणाऱ्यानं ब्रिटनमध्ये एकाला आणि भारतात दुसऱ्याला दिलेला माल केवळ तुमचा टीव्ही लंडनमध्ये असल्याचं सोंग करतो म्हणून तुमचा होत नाही. व्हीपीएन कंपन्यांच्या सर्व्हरचे पत्ते बहुधा मोठ्या डेटा सेंटरचे असतात आणि एका पत्त्यामागे हजारो गिऱ्हाइकं असतात, त्यामुळे ते ओळखणं अवघड जात नाही. ओळख पटली की नेटफ्लिक्स फक्त तेवढेच सिनेमे दाखवतं ज्यांचे जगभरचे हक्क त्याच्याकडे आहेत. म्हणजे पैसे देऊन यादी वाढवायला गेलेल्याची यादी उलट आखडते.

२०१९ साली आमच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. तेलंगणात शिरला, परत महाराष्ट्रात आला, आणि १,३०० किलोमीटरहून जास्त तंगडतोड करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. राज्याची हद्द त्यानं विचारली नाही. पण त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून तो कोणत्या रात्री कोणत्या शिवारात होता ते वनखात्याला ठाऊक होतं. आपल्याही गळ्यात असे पट्टे आहेत. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर, पैसे दिलेलं कार्ड, फोनमधलं जीपीएस. राऊटर फक्त पायाखालची जमीन बदलतो, गळ्यातला पट्टा तसाच राहतो.

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. तो म्हणाला, "मामा, न्यू जर्सीतल्या ताईला आजीची मालिका बघायची असली तर?" ही गरज खरी आहे, आणि घराशी असलेल्या नात्यातून आलेली आहे. पण तिथंही आधी सरळ रस्ता बघावा. ताईच्या देशात तोच कार्यक्रम एखाद्या सेवेवर रीतसर मिळतो का ते तपासावं. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी सिनेमा ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला तो हक्क नीट विकले गेल्यामुळे. ताईला त्यासाठी कुठलंही सोंग घ्यावं लागलं नाही. आणि व्हीपीएनचंच म्हणाल तर त्या वाटेवर 'भारत' लिहिलेली पाटी भारतात असेलच असं नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं आदेश काढला, की व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी पत्ते आणि वापरामागचा हेतू ही माहिती किमान ५ वर्षं ठेवावी. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन अशा कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर उचलले. एक्स्प्रेसव्हीपीएननं 'भारत' ही पाटी ठेवली, पण यंत्रं सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये. नाव केळापूर, कचेरी पांढरकवड्याला! आमच्याकडे निदान ते अंतर पायी कापता येतं.

तिसरा दावा वेगाचा, आणि तो सर्वांत कच्चा. माल वळसा घालून, वर कुलूप लावून-काढून नेला तर तो लवकर कसा पोचेल? इंटरनेट पुरवणारा एखाद्या सेवेचा वेग मुद्दाम दाबत असेल तर बोगद्यातून तो दाब चुकतो, एवढाच याला अपवाद. एरवी वेग घटतोच. नेटफ्लिक्सच्या हिशेबानं फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस लागतात. ओपनव्हीपीएन ही जुनी पद्धत स्वस्त राऊटरच्या लहानशा प्रोसेसरवर चालवली की शंभरचं कनेक्शनही दहा-वीसवर येऊन बसतं, कारण कुलूप लावण्याची मेहनत त्या बिचाऱ्या चिपला झेपत नाही. मग घरात दोन टीव्ही लागले की गोल चक्र फिरत बसतं. वायरगार्ड ही नवी पद्धत फार हलकी आहे. तिचा मूळ कोड सुमारे ४,००० ओळींचा, आणि मार्च २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच आहे. तिनं वेगाची घट पुष्कळ कमी होते. पण घट कमी होणं आणि वेग वाढणं या दोन गोष्टी एक नाहीत.

चौथा दावा 'एकदा बसवा आणि विसरा'. हा ज्यानं केला त्यानं विदर्भात लाईट कशी येते-जाते ते पाहिलेलं नसावं. भाच्यानं सगळं घर बोगद्यात घातलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बँकेचं ॲप उघडेना, कारण काही बँकांना व्हीपीएनचा किंवा परदेशातला पत्ता दिसला की त्या दार लावून घेतात. काही सरकारी संकेतस्थळांचंही तसंच. आणि आईची मालिका? ती दाखवणाऱ्या सेवेला वाटलं आम्ही लंडनला राहतो, आणि लंडनमध्ये तो कार्यक्रम दाखवायचा त्यांच्याकडे परवाना नव्हता. ज्या घरात बसून हा कार्यक्रम पैसे भरून हक्कानं दिसत होता, त्याच घरात तो परदेशी ठरला. आईच्या प्रश्नाचं उत्तर हे असं मिळालं.

मग लाईट गेली. लाईट येणं-जाणं ही आमच्याकडे बातमी नसते. पण राऊटरमध्ये घड्याळाची बॅटरी बहुधा नसते. लाईट आल्यावर तो जागा होतो तो जुनीच तारीख धरून. वायरगार्डचा सर्व्हर मागच्या वेळेपेक्षा जुन्या वेळेची सलामी स्वीकारत नाही, कारण ती कुणीतरी रेकॉर्ड करून पुन्हा वाजवलेली असू शकते. म्हणजे बोगदा उघडायला घड्याळ बरोबर हवं, घड्याळ बरोबर व्हायला इंटरनेट हवं, आणि 'बोगदा नसेल तर काहीच बाहेर जाऊ देऊ नका' असं सेटिंग करून ठेवलं असेल तर इंटरनेटला बोगदा हवा. विहिरीवरची मोटार सुरू करायला पाणी भरावं लागतं आणि पाणी विहिरीत, अशी गत. मी दोन दिवस राऊटरच्या दिव्याकडे बघत बसलो होतो.

आता कुणी म्हणेल, मग हे यंत्र भंगारात घालायचं का? तसं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. २०२१ मध्ये गृह खात्याच्या संसदीय स्थायी समितीनं व्हीपीएन रोखण्याची शिफारस केली होती. गुन्हेगार वापरतात म्हणून साधनच बंद करा, हा तर्क पुढं न्यायचा तर महामार्ग क्रमांक ४४ सुद्धा बंद करावा लागेल, कारण त्यावरून काय काय जातं ते पिंपळखुटीला विचारा. घरातून काम करणारी मुलं कार्यालयाच्या यंत्रणेत शिरतात ती व्हीपीएनमधूनच. हे तंत्र जन्मलंच कचेऱ्यांसाठी. भारतात व्हीपीएन वापरणं हा सरसकट गुन्हा नाही, काश्मीरसारख्या ठिकाणी स्थानिक बंदीचे आदेश निघाले ते वेगळे. साधनाला दोष देणारे आणि साधनाची आरती ओवाळणारे, दोघेही एकच प्रश्न टाळतात: तुम्हाला ते नेमकं कशासाठी हवंय?

उत्तर असेल तर राऊटर जरूर घ्या. पण घेताना वायरगार्ड चालणारा घ्या. ओपनडब्ल्यूआरटी या मोकळ्या प्रणालीवर चालणारा असेल तर उत्तम, कारण विकणाऱ्यानं अद्ययावत करणं सोडलं तरी तुम्हाला सोडावं लागत नाही. राऊटरच्या व्हीपीएन पद्धतींच्या यादीत पीपीटीपी दिसलं तर त्याला हात लावू नका. १९९०च्या दशकातलं ते कुलूप केव्हाच फुटलं आहे. कंपनीनं दिलेला जुना राऊटर तसाच ठेवा, त्याला वायरनं हा नवा जोडा, नव्याला वेगळी पत्त्यांची मालिका आणि वेगळं वायफाय नाव द्या, आणि ज्याला बोगद्याची गरज आहे तेवढाच टीव्ही त्यावर चढवा. बँक, फोन, आईची मालिका जुन्या वायफायवर राहू द्या. आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत, बोगद्यातून जात नसेल तर नव्या वायफायवर ती बंद करा, नाहीतर पुढचं दार लावून मागचं उघडं राहतं. काही संकेतस्थळं उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात असं झालं तर पाकिटाचा आकार, म्हणजे एमटीयू, १४२० वरून थोडा खाली आणा. वेळ जुळवण्याची वाट बोगद्याबाहेर मोकळी ठेवा. आणि राऊटरखाली बारा व्होल्टचा छोटा यूपीएस ठेवा. या सगळ्या यादीतली आमच्या भागासाठी सर्वांत मोलाची वस्तू तीच.

खरं सांगायचं तर आमच्यासारख्या घरांना बोगदा उलट्या दिशेनं हवा असतो. जगात जाण्यासाठी नको, मुलांना घरी येण्यासाठी हवा. शेतातल्या गोठ्यावर, अंगणात कॅमेरे लागले आहेत. पुण्यातून बघता यावं म्हणून कित्येकांनी त्यांचं दार थेट इंटरनेटवर उघडं टाकलं आहे. ते बंद करून घरच्या राऊटरवरच वायरगार्डचा सर्व्हर चालवला, तर मुलगा परगावाहून बोगद्यातून घरात येतो आणि परक्याला दारच दिसत नाही. इथं मधल्या कुठल्याही कंपनीचा काटा नसतो. दोन्ही टोकं आपलीच. त्यात अडचण एक: बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राऊटरच्या पडद्यावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर बाहेरून तुमच्या दारापर्यंत कुणाला पोचताच येत नाही. मग कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्यायचा, किंवा आयपीव्ही६ वर भिस्त ठेवायची, किंवा टेलस्केलसारखी सोय वापरायची, जी दोन्ही टोकांना आतून हाक मारून जोडून देते.

भाचा परत गेला त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून त्याच्या राऊटरची वायर काढली आणि पुन्हा लावली. लंडन पुसलं. आता तो राऊटर गोठ्यावरच्या कॅमेऱ्यासमोर बसलेला असतो आणि त्याच्या बोगद्याचं दुसरं टोक पुण्यात, भाच्याच्या फोनवर आहे. आईला भाच्यानं जाताना सांगितलं, "आजी, आता तू गाय बांधली का नाही ते मला तिथून दिसतं." तिनं टीव्हीवरची नजर न हलवता उत्तर दिलं, "मंग येऊन बांधत जा ना बाप्पा, नुसतं पाहून काय होते?"